राजाची अडीच घरं

दुसऱ्याची चूक समजावून सांगायला त्याच्या घरी जाऊ नये. हे शहाणपण मला परतीच्या गाडीत सुचलं. दिवाळीनंतर नागपूरहून कोल्हापूरच्या गाडीत बसले तेव्हा मात्र मी भलत्याच ऐटीत होते. पिशवीत लॅपटॉप होता, दोन पानांचा अहवाल होता, संत्रा बर्फीचा डबा होता आणि आपलंच बरोबर आहे अशी खात्री होती. यातल्या एकट्या बर्फीनंच पुढे माझी लाज राखली.

मी कॉलेजात गणित शिकवते आणि फावल्या वेळात बुद्धिबळाच्या सुरुवाती तपासते. सुरुवात म्हणजे डावाच्या पहिल्या दहा-पंधरा खेळी. इथे घोडा काढावा की उंट, हे प्यादं द्यावं की राखावं, यावर माणसं पिढ्यान् पिढ्या भांडत आली आहेत. आता संगणकावर इंजिन म्हणून एक प्रोग्राम असतो. त्याच्यापुढे डाव मांडला की तो पुढच्या असंख्य फांद्या चाचपून एक आकडा सांगतो. आकडा अधिक आला तर पांढऱ्याचं बरं चाललंय, उणे आला तर काळ्याचं, शून्य आला तर बरोबरी. भांडण मिटलं. मी कॉलेजात असताना घरी संगणक एकटाच घरघरत बसलेला असतो. नवरा त्याला घरजावई म्हणतो.

शाळांमधून बुद्धिबळ शिकवणाऱ्या शिक्षकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. तिथे कुणीही सुरुवात पाठवावी आणि मी ती तपासून द्यावी, असा रिवाज पडलाय. ऑक्टोबरात रहिमतपूरच्या नसीम नावाच्या शिक्षिकेनं एका वहीचे फोटो पाठवले. वही तिच्या सासऱ्यांची होती. त्यांचं गाद्यांचं दुकान. पानाच्या डाव्या बाजूला गाद्यांची मापं, 'चार बाय सहा, उशा दोन', आणि उजव्या बाजूला बुद्धिबळाच्या खेळी, मराठीत, शिवणीच्या टाक्यांसारख्या बारीक अक्षरात. त्या सुरुवातीत काळा खेळाडू सातव्या खेळीला आपला एक घोडा नुसत्या एका प्याद्यासाठी देऊन टाकत होता, आणि वर कुणीतरी लिहिलं होतं, 'फुडं काळा चांगला.'

मी खेळी संगणकात भरल्या. सगळी प्यादी एकेक घरच सरकत होती. मी मनात म्हटलं, भित्री माणसं. आठव्या खेळीला काळ्याच्या बाजूला 'राजा' लिहिलं होतं तिथे 'घोडा' हवा होता, कारण राजा त्या घरात पोचूच शकत नव्हता आणि उरलेला घोडा पोचत होता. तेवढं सुधारून घेतलं. इंजिननं चहा गाळून होईतो निकाल दिला: अधिक पाच. म्हणजे काळा पार बुडाला. मी दोन पानांचा अहवाल लिहिला आणि शेवटी एक वाक्य टाकलं, 'हा बळी नव्हे, हे निव्वळ दान आहे.' त्या वाक्यावर मी दोन दिवस खूश होते.

आठ दिवसांनी नसीमचा निरोप आला. 'अब्बा म्हणतात, ताईंना एकदा येऊन मांडून दाखवायला सांग. तसं असेल तर मला वाडीला जायचं कारण नाही.'

कुठली वाडी, काय कारण, काहीच कळलं नाही. पण शनिवारी आष्ट्याच्या एका शाळेत इंजिनांवर बोलायला मला बोलावलंच होतं. भाषणाचा विषय होता अचूकता. म्हटलं चार दिवस आधी निघू आणि वाटेत गादीवाल्या चाचांनाही मार्गी लावू.

कोरेगाव, मंगळवार

कोरेगावला उतरले तर सकाळची थंडी अंगात शिरत होती. आमच्याकडे नोव्हेंबरात थंडी अशी ओळखपाळख झाल्याशिवाय अंगाला हात लावत नाही. नसीम लहानशी गाडी घेऊन आली होती. पस्तिशीची, चटपटीत, शाळेत विज्ञान शिकवणारी. नवरा पुण्याला नोकरीला, ती सासऱ्यांजवळ राहते. "आधी नाष्टा करू," म्हणाली आणि एका खानावळीत घेऊन गेली. नाष्टा म्हणून घेवड्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी आली, सकाळी साडेआठला. नागपूरला या वेळेला आम्ही तर्री-पोह्यांवर भागवतो. खानावळीच्या मालकांनी माझी थांबलेली बोटं बघून विचारलं, "का वं, घेवडा चालत न्हाई का? कोरेगावात यिऊन घेवडा न्हाई खाल्ला तर परत जाऊन काय सांगणार?" मी दोन वाट्या खाल्ल्या. घेवडा साखरेसारखा विरघळत होता आणि चूक माझीच होती, त्या दिवसातली ही पहिली.

रहिमतपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस आणि आल्याची शेतं. मध्येच मेंढरांचा एक कळप आडवा आला. नसीमनं गाडी बंद केली आणि काचेतून मेंढपाळाचं तोंड नीट बघून घेतलं.

"ओळखीचे आहेत का?"

"नाही. सवय लागलीय," ती म्हणाली. "दिवाळीनंतर पूर्वेकडचे धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेला चरायला जातात, पावसाळ्याच्या तोंडाला परततात. त्यातले बिरूतात्या अब्बांचे दोस्त. जाताना एकदा, येताना एकदा, गावाबाहेर शेतात मेंढरं बसवायची आणि तात्या आमच्या दुकानात. तीस वर्षं. ती वहीतली सुरुवात तात्यांची."

"मग या वर्षी येतील ना?"

"दोन वर्षांपूर्वी वारले ते."

मग तिनं वाडीचं कारण सांगितलं. घोडा दिला तरी काळाच वरचढ, असं तात्यांचं म्हणणं. चाचांचं म्हणणं, फुकटचा घोडा तो फुकटचा. तात्या दर खेपेला म्हणायचे, एकदा माझ्या वाडीला ये. चाचा म्हणायचे, तुझं खरं निघू दे, वाडीला येऊन चारचौघांत मान्य करतो. तीस वर्षांत ना खरं निघालं, ना चाचा गेले. शेवटच्या खेपेला, ज्येष्ठात घरी परतताना, तात्या सांगून गेले होते की दिवाळीला पुरं उत्तर घेऊन येतो. दिवाळीला नुसती मेंढरं आली, त्यांच्या भाच्याबरोबर.

"तुमचा अहवाल वाचून दाखवला तेव्हा मला वाटलं अब्बा खूश होतील," नसीम म्हणाली. "शेवटी त्यांचंच खरं निघालं ना. पण ते जेवलेच नाहीत. म्हणाले, म्हणजे बिरू तीस वर्षं मला बनवत होता."

मी पिशवीतला अहवाल जरा आत सरकवला. तरी मी म्हटलं, सत्य ते सत्य.

रहिमतपूर

दुकान पेठेत आहे. पुढे गाद्या रचलेल्या, मागे कापूस पिंजायचं यंत्र. इब्राहिमचाचा ऐंशीच्या पुढचे, सडपातळ, पांढरी दाढी, आणि भुवयांवर कापूस, त्यामुळे दाढी कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो ते कळत नाही. त्यांनी मला सगळ्यात जाड गादीवर बसवलं. तिच्यात मी कमरेपर्यंत रुतले. अहवाल काढायला पिशवीपर्यंत हात पोचेना.

"बसा निवांत. न्हाईतर उटता यायचं न्हाई," चाचा म्हणाले.

पट आणायला सांगितल्यावर त्यांनी कोपऱ्यातली एक उशी ओढली, पात्यानं तिची शिवण उसवली आणि कापसात हात घालून कापडी पट बाहेर काढला. मागोमाग एकेक मोहरा. माझा अहवाल ऐकला त्याच दिवशी त्यांनी सगळा खेळ उशीत भरून टाके घातले होते. दुसऱ्या कुणी रागानं पट फाडला असता, नाहीतर माळ्यावर टाकला असता. गादीवाल्यानं तो शिवून टाकला. मला हसू आलं, पण नसीम हसत नव्हती.

आम्ही वहीप्रमाणे मांडत गेलो. सातव्या खेळीला काळ्याचा घोडा गेला. आठव्याला मी दुसरा काळा घोडा उचलला आणि माझ्या दुरुस्तीप्रमाणे ठेवला.

चाचांनी माझं मनगट धरलं. "ह्यो घोडा हितं कशाला आला?"

"वहीत चुकून राजा लिहिलंय. मी सुधारलं."

"चुकून कुठलं? राजाच जातोय की तितं."

"चाचा, राजा एकच घर चालतो."

"चालतो की येक घर. पर येकदा अडीच घरं जातो, घोड्यागत. शह बसायच्या आदी." ते माझ्याकडे खऱ्याखुऱ्या काळजीनं बघायला लागले. "तुमच्या नागपुरात राजा जात न्हाई व्हय?"

गादीत आणखी रुतता आलं असतं तर मी रुतले असते. हे दोघे तीस वर्षं देशी बुद्धिबळ खेळत होते. त्यात राजाला हत्तीच्या आड नेणारा किल्ला करायची सोय नाही, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची उडी. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही दोन घरं जात नाही. म्हणून ती प्यादी एकेक घर सरकत होती, आणि मी बसल्या जागी त्यांना भित्री ठरवून मोकळी झाले. वहीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मी चूक समजून खोडला, राजाला मधोमध उभं ठेवलं, आणि वर त्याला वाचवता येत नाही म्हणून दोन पानं झोडली. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल. "चाचा, माझी चूक झाली," मी म्हणाले. हे वाक्य नवऱ्यानं लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही ऐकलेलं नाही.

नसीमही खजील झाली. ती शाळेत मुलांना बाहेरचेच नियम शिकवते. "एवढी वर्षं एका घरात आहोत," ती म्हणाली, "पण अब्बांशी मी एक डावसुद्धा कधी खेळले नाही."

चाचांचं आमच्या लाजेकडे लक्षच नव्हतं. ते काळ्या राजाकडे बघत होते. "म्हंजी बिरूचं खोटं न्हाई?"

"ते माहीत नाही. पुन्हा तपासावं लागेल."

"मग तपासा की. मी थांबतो."

संध्याकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं. आई म्हणाली, "अगं, तुझे आजोबा तसंच खेळायचे. तूच, चुकीचं खेळता म्हणून पट उचलून न्यायचीस."

बुधवार

सुदैवानं एक इंजिन असं मिळतं की त्याला नियम आपण लिहून द्यायचे. सकाळी मी चाचांची उलटतपासणी घेतली.

"राजाला एकदा शह बसला, मग तो वाचला. तरी उडी गेली?"

"गेली. अब्रूचं तसंच हाय, ताई."

"प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर वजीर होतो ना?"

"ज्याच्या घरात पोचल त्यो हुतो. उंटाच्या घरात उंट, हत्तीच्या घरात हत्ती. सगळीच वजीर झाली तर काम कोन करायचं?"

मी एकेक नियम लिहिला आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी मला सुधारलं. मी ते मुकाट्यानं घेतलं. डाव मांडून इंजिन सुरू केलं आणि लॅपटॉप दुकानातच ठेवला, कारण चाचा त्याच्यापासून हलायला तयार नव्हते. तासाभरानं तो शिट्टी मारल्यासारखा ओरडायला लागला, तापला आणि बंद पडला. त्याच्या पंख्यात कापूस गेला होता. माझा चेहरा पडला तसे चाचा उठले. त्यांनी चष्मा पुसला, लॅपटॉप मांडीवर पालथा घेतला आणि गादी शिवायच्या लांब सुईनं जाळीतून कापसाचे धागे एकेक करून ओढून काढले. "यंत्र म्हनलं की कापूस खाणारच," म्हणाले. "आमचं बी खातं." मग त्याला नसीमच्या घरी पंख्याखाली नेऊन ठेवलं, तर दुपारी वीज गेली आणि मागोमाग बॅटरीही. पुन्हा पहिल्यापासून.

जेवताना मी सावजी रश्श्याच्या बढाया मारल्या. नागपूरच्या तिखटापुढे कुणी टिकत नाही, वगैरे. नसीमनं ताटात हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला. मी भाकरीबरोबर चांगला लिंबाएवढा उचलला. पुढची दहा मिनिटं मी नागपूरबद्दल काही बोलू शकले नाही. चाचांनी गूळ पुढे केला.

आकडा येईपर्यंत ते बिरूतात्यांबद्दल सांगत बसले. तात्या खेळी कधी लिहून नेत नसत. दुकानात अडलेला डाव डोक्यात घ्यायचे आणि मेंढरांमागं निघायचे. सहा महिन्यांनी परत आले की, पाणी प्यायच्या आधी, उंबऱ्यातच सांगायचे, "इब्राम, त्या उंटाला तू हत्ती मदी घातलास तर मी वजीर फिरीवतो." मग चाचा उत्तर शोधायचे आणि तात्या ते घेऊन पुन्हा सहा महिने चालायचे. वहीत लिहिलेल्या एकेका खेळीमागे असा एकेक उन्हाळा नाहीतर पावसाळा गेला होता. माझं इंजिन खेळी किती खोल बघतं ते मी मोठ्या अभिमानानं सांगत असते. हे दोघे पायी बघत होते.

"कधी कंटाळा नाही आला एकाच डावाचा?"

"आला की. पर त्यो निघून गेल्यावर यायचा," चाचा म्हणाले.

गुरुवार

दुपारपर्यंत आकडा खालीवर होत राहिला. आधी अधिक एक, मग उणे अर्धा, मग हेलकावे कमी कमी होत शेवटी शून्यावर येऊन बसला. मी आणखी चार तास चालू ठेवलं. शून्य हललं नाही. काळा घोडा देतो, राजा अडीच घरं जाऊन लपतो, मग काळ्याचा वजीर पांढऱ्या राजाला शह देतो, तो सरकतो, पुन्हा शह, तो परत येतो, पुन्हा शह. याला अंत नाही. दोघांपैकी कुणीही वेगळं काही करायला गेला तर तोच हरतो.

"चाचा, बरोबरी."

"म्हंजी त्यो जिकत न्हाई?"

"नाही."

"आन मी?"

"तुम्हीही नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी पटावर हातानं तो शहांचा फेरा फिरवून बघितला. मग हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "तीस वर्सं भांडलो की गड्या. आन निघालं काय, तर कुणाचंच न्हाई."

नसीमनं सुटकेचा श्वास सोडला. चाचांच्या कंबरेला लांबचा प्रवास झेपत नाही. "मग वाडीला जायचा प्रश्नच मिटला, अब्बा. तात्यांचं खरं निघालं तर जायचं ठरलं होतं."

"व्हय, तसंच ठरलं हुतं." चाचा मोहरे गोळा करत होते. शेवटी काळा राजा उचलून म्हणाले, "बरोबरी झाली की फुडल्या डावाला बाजू बदलायची असती. बिरू साठ खेपा चालत माज्या दारात आला. आता माजी पाळी."

नसीम उठून गाडीत हवा भरून घ्यायला गेली.

वाडीकडे, शुक्रवार

मागच्या सीटवर चाचांनी स्वतःसाठी एक गादी अंथरली, त्यामुळे ते तिघांत सगळ्यात ऐषारामात होते. पुसेसावळी, मायणी, विटा. विट्याला चहा घेतला. पुढे पूर्वेला वळलो तसा ऊस संपला, माळ सुरू झाला, अधूनमधून हिरवी शाळू ज्वारी आणि डाळिंबाच्या बागा. आभाळ एकदम मोठं झालं. आमच्या विदर्भातलं माळरान काळं, हे तांबूस आणि दगडाळ, पण उन्हात डोळे बारीक करून बघायची माणसांची तऱ्हा तीच.

आणि समोरून मेंढरं येत होती. कळपांमागून कळप, घोड्यांवर संसार, घोड्यांच्या पाठीवर बांधलेली कोंबडी आणि करडं, सगळे पश्चिमेला. आम्ही एकटेच उलट दिशेनं. एका कळपानं आम्हाला पुरती वीस मिनिटं अडवलं. मी घड्याळ बघत होते. चाचांनी काच खाली केली आणि मेंढपाळाला विचारलं, "कंच्या गावाला?"

"कोरेगावाकडं, चाचा. तुमी?"

"बिरूच्या वाडीला."

"त्यो तर न्हाई आता."

"ठावं हाय," चाचा म्हणाले. मग बराच वेळ काच वर केली नाही, आत धूळ येत होती तरी. आरशात मला त्यांचे डोळे दिसले आणि मी घड्याळ बघणं बंद केलं.

दोनदा रस्ता चुकलो. एकदा माझ्या मोबाईलमुळे. त्यानं आम्हाला एका डाळिंबाच्या बागेत नेऊन सोडलं आणि पोचलात म्हणून सांगितलं. शेवटी एका बाईंनी दगडी बांध दाखवला, "त्येच्या अंगानं जावा," आणि दुपारी एकच्या सुमाराला आम्ही वाडीवर होतो. आठ-दहा घरं, लिंबाचं एक झाड, मेंढरं कोंडायचा रिकामा वाडगा.

बिरूतात्यांच्या पत्नी केराबाई अंगणात हुलगे पाखडत होत्या. सत्तरीच्या, काटक, कपाळभर हळद. त्यांनी चाचांना यापूर्वी कधी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. त्या मेंढरांपाशी थांबायच्या आणि तात्या पेठेत जायचे. पण भुवयांवरचा कापूस बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"इब्राम भावजी?"

"व्हय वैनी."

त्या आत गेल्या आणि एक काळं घोंगडं घेऊन आल्या, नवं कोरं, घडीच्या रेघा पडलेलं. अंगणात अंथरलं. चाचांनी येताना आणलेली नवी उशी त्यांच्या हातात दिली. शेळीच्या दुधाचा चहा आला. माझी संत्रा बर्फी फिरली, तिला एकमतानं चांगलं म्हटलं गेलं. मग चाचा ताठ बसले, चारचौघांत मान्य करायला बसावं तसे. ऐकायला चारचौघं नव्हती. नसीम, मी, केराबाई आणि एक शेळी.

"वैनी, बिरूचा डाव तपासला. ह्या ताईंनी. घोडा दिऊन काळा हारत न्हाई. जिकत बी न्हाई. बरोबरी हाय." घसा खाकरून म्हणाले, "त्यो मला बनवत हुता असं मी आठ दिस म्हनलो. ती माजी चूक."

केराबाई पदरानं कप पुसत होत्या. "बरोबरी? ते त्यांला ठावं हुतं की."

चाचा पुढे सरकले.

"शेवटच्या पावसाळ्यात बाजंवर पडल्या पडल्या तेच चाललं हुतं. येक दिस म्हनले, केरा, ह्यात कुणीच जिकत न्हाई. सारका शह, सारका शह, खुट्ट्याभवती शेरडू फिरतंय तसं. मी म्हनलं, मग निरोप धाडा इब्राम भावजींना. तर न्हाई म्हनले." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हनले, बरोबरी हाय म्हनून कळालं तर त्यो हिकडं यायचा कवा?"

लॅपटॉप गाडीत होता. त्याला दीड दिवस लागला होता, सुई लागली होती, वीज लागली होती. बाजेवर पडलेल्या माणसानं तोच शहांचा फेरा डोक्यात फिरवून बघितला होता, आणि दोस्त यावा म्हणून उत्तर लपवून ठेवलं होतं. माझे डोळे भरून आले. मी शेळीकडे बघत बसले.

चाचा मान खाली घालून घोंगड्यावरून हात फिरवत होते.

"ह्ये त्यांनीच विनून घेतलं," केराबाई म्हणाल्या. "तुमाला बसाय. कुणाला बसू दिलं न्हाई त्येच्यावर."

"बरोबरीत बी आलो का न्हाई, गड्या," चाचा म्हणाले, समोर कुणी नव्हतं तिकडं बघून. मग डोळे पुसले, पिशवीतून पट काढला आणि घोंगड्यावर अंथरला. त्याला अजून उशीतला कापूस चिकटला होता. मोहरे मांडले. बाजू बदलायची असते म्हणाले होते, पण स्वतःकडे पांढरेच घेतले. काळे पलीकडे ठेवले आणि राजापुढचं पांढरं प्यादं एक घर सरकवलं.

पटापलीकडची जागा रिकामीच होती. मग केराबाई पदर खोचून समोर येऊन बसल्या. "मला काय त्यातलं कळत न्हाई," म्हणाल्या, आणि काळं प्यादं एक घर पुढे केलं. तीस वर्षं मेंढरांमागं चालताना तात्यांच्या तोंडून कानावर पडलेल्या खेळी पटावर मांडत गेल्या, न अडखळता. सातव्या खेळीला घोडा देऊन टाकला. चाचांनी तो घेतला आणि वर बघितलं.

केराबाईंनी राजा उचलला, मोजला, आणि अडीच घरं नेऊन ठेवला. मी काही सुधारायला गेले नाही.